ब्याण्णव अंश

डॉ. रेगे यांनी नरसाळ्यात पांढरी भुकटी ओतली आणि तळाशी धरलेलं बोट काढलं. काहीच झालं नाही.

नरसाळं स्टँडला अडकवलेलं होतं आणि खाली काळा कागद पसरला होता. भुकटी सरसर खाली यावी, कागदावर तिचा ढीग व्हावा, मग त्या ढिगाचा उतार मोजावा, अशी ती चाचणी. ढीग जितका बसका तितका माल चांगला. हा माल खाली यायलाच तयार नव्हता. रेग्यांनी नरसाळ्याला टिचकी मारली. एक ढेकूळ कागदावर पडलं आणि तसंच राहिलं.

"ही पिठमपूरची," ते म्हणाले. मग त्यांनी दुसरी बाटली उघडली. "आणि ही आपली."

आमची भुकटी दोन सेकंदांत उतरली. कागदावर ताटलीएवढा चपटा ढीग झाला.

"आता सांगा झगडे, फरक कशाचा?"

आमचे ऑपरेटर झगडे मामा दाराशी उभे होते. खोलीत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. ते पुढे आले, ढेकूळ दोन बोटांत धरून चुरडलं आणि बोटं एकमेकांवर घासली.

"साहेब, ह्याची मूठ उमटायची नाय."

"मूठ," रेगे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "टिपणीस, टिपून घ्या. जागतिक दर्जाच्या एक्सिपियंटची परीक्षा आता मुठीनं होणार."

माझं आडनाव टिपणीस आणि काम नोंदी तपासण्याचं. हा विनोद त्यांनी चार वर्षांत मला निदान दोनशे वेळा ऐकवला असेल. दर वेळी मी हसले होते. त्या दिवशीही हसले.

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतली. आमची कंपनी औषधं करत नसे. गोळीतली भर, म्हणजे एक्सिपियंट, करत असे. गोळीत औषध बहुधा मोहरीएवढं असतं, बाकी सगळी भर. ती यंत्रात सारखी वाहिली नाही तर एक गोळी जड होते आणि एक हलकी. ती दाबून नीट बसली नाही तर गोळी पाकिटातच फुटते. आमचा माल या दोन्ही बाबतीत उत्तम होता. लॅक्टोज पाण्यात कालवून त्याचं दाट दूध करायचं, तीन मजली मनोऱ्यात गरम हवेवर त्याची फवार सोडायची; पापणी लवायच्या आत पाणी उडून जातं आणि गोल दाणे खाली पडतात. कामगार त्याला पीठ म्हणत. रेग्यांना तो शब्द चालत नसे. कुणी पीठ म्हटलं की ते त्याला एक्सिपियंट हा शब्द तीनदा म्हणायला लावत. पन्नाशीच्या माणसांनाही.

या मालाच्या जोरावर कंपनीनं पिठमपूरला नवा कारखाना घातला. तिथला मनोरा आमच्या दुप्पट उंच आणि सगळा कारभार संगणकावर. कृती मात्र आमचीच, कागदावरून जशीच्या तशी उचललेली. तीन महिने झाले तरी तिथे धड माल निघत नव्हता, आणि गुरुवारी आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाची माणसं तो कारखाना बघायला येणार होती. आज सोमवार होता.

"हवा तीच, पाणी तेच, लॅक्टोज तेच," रेगे म्हणाले. "बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान इकडे ब्याण्णव, तिकडेही ब्याण्णव. मग फरक कशाचा राहिला? माणसाचा. तुम्हाला दहा दिवस तिकडे शिकवायला पाठवलं होतं. तुम्ही काय शिकवलंत?"

"म्या सांगितलं त्यास्नी. पोरं हसली."

"तुम्हाला तो कारखाना चालायला नकोय. काम तिकडे गेलं तर इकडचं बंद पडेल, हे तुमच्या डोक्यात आहे. सगळ्या ऑपरेटरांच्या डोक्यात आहे."

"साहेब, मी तिकडं गेलो तवा—"

"जा तुम्ही."

मामा गेले. रेग्यांनी दोन्ही ढीग एकाच कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"पाचपर्यंत निलंबनाचं पत्र तयार करा," ते म्हणाले. "नव्या कारखान्याच्या उत्पादनात हेतुपुरस्सर अडथळा. शब्द तुमचे घाला, तुम्हाला चांगले सुचतात. आणि त्याच्या सगळ्या बॅचची पानं सोबत लावा. कामगार न्यायालयात गेला तर दाखवता येईल की इकडे हाच माणूस ब्याण्णव ठेवू शकत होता."

मी कपाटातून एक्केचाळीस बॅचच्या फायली काढल्या. आमचा मनोरा जुना होता. ऑपरेटरनं दर अर्ध्या तासाला तबकडीवरचा काटा बघायचा आणि आकडा हातानं पानावर लिहायचा. मामांचं अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं होतं. ब्याण्णव. ब्याण्णव. ब्याण्णव. एका बॅचला सोळा नोंदी, एकूण साडेसहाशेच्या वर. तिसऱ्या बॅचपासून पुढे एकही ब्याण्णवच्या खालीवर नव्हती. रेग्यांनी याचा आलेख काढून हैदराबादच्या एका परिषदेत दाखवला होता. पडद्यावर पट्टीनं मारावी तशी आडवी रेघ. सभागृहातल्या दोनशे तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चहाचं आधण ठेवणाऱ्या कुठल्याही बाईनं त्यांना सांगितलं असतं की उष्णता अशी एका जागी बसत नाही. पण त्या परिषदेला तशा बाईला बोलावणं नव्हतं.

मला तर हैदराबादला जायचीही गरज नव्हती. त्या प्रत्येक पानाच्या तळाशी 'तपासले' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे माझी सही होती.

मी फायली तशाच ठेवल्या आणि मनोऱ्याकडे गेले. एप्रिल महिना होता. बाहेर ऊन होतं आणि आत मनोऱ्याची धग. मामा तबकडीजवळ स्टुलावर बसले होते. मला बघून उठले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा मॅडम. पत्र घिऊन आलाव का?"

"अजून लिहिलं नाही. मामा, एक विचारायचंय. हे ब्याण्णव…"

"खरं सांगू का कागदावरचं सांगू?"

मी तबकडीकडे पाहिलं. चार वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. काटा चौऱ्याऐंशीवर थरथरत होता. बघता बघता पंच्याऐंशीकडे गेला आणि परत आला.

"खरं सांगा."

त्यांनी नवा रबरी हातमोजा चढवला, नमुन्याच्या तोटीतून चमचाभर भुकटी काढली आणि मूठ आवळली. उघडली तेव्हा तळहातावर चार बोटांच्या खुणा उमटलेला गोळा होता. त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याला हलकेच ढोसलं. गोळा कणाकणानं मोकळा झाला.

"अशी मूठ उमटली पायजे, आन ढोसल्यावर मोडली पायजे. ब्याऐंशीला गेलं की मोडतच नाय, मनोऱ्याला चिकटतंय. अठ्ठ्याऐंशीच्या वर गेलं की उमटत नाय. ब्याण्णवला तर लाहीच हुती त्याची. दाणा आतनं पोकळ, फुटून भुगा हुतो, आन भुगा वल धरून ढेकळं हुत्यात. लाह्या दाबून गोळी हुईल का, तुमीच सांगा."

"मग ब्याण्णव कुठून आलं?"

"साहेबांनी पुण्याच्या लॅबमधनं आणलं. तिकडं ते कमरेएवढं मशिन हाये म्हणं, त्यात हुत आसंल बरोबर. पयल्या दोन बॅच म्या ब्याण्णवला घेतल्या. दोनी फेकून दिल्या. आठवतंय का?"

आठवत होतं. तिसरी बॅच उत्तम निघाली तेव्हा रेग्यांनी पेढे वाटले होते. "सातत्य," ते म्हणाले होते. "ब्याण्णववर ठाम राहिलो म्हणून."

"पिठमपूरच्या लोकांना हे सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. तर त्यास्नी माजंच पान काढून मला दावलं. म्हणली, बाबा, सही कुणाची? म्हटलं, माजी. मग ब्याण्णव कुणी लिवलं? आता काय बोलणार. गावाचं नाव पिठमपूर, आन पीठ काय येईना." ते स्वतःशीच हसले. "आवं, तिकडचं मशिन शाणं हाये. ब्याण्णव म्हटलं की ब्याण्णवच ठेवतंय."

म्हणजे आमच्या कागदावरचा आकडा जगात पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर पाळला होता, आणि त्यातून ढेकळं निघत होती.

"मामा, पण तुम्ही खोटं का लिहिलंत? चौऱ्याऐंशी होतं तर चौऱ्याऐंशी लिहायचं."

त्यांनी मोजा काढला, त्याची घडी घातली.

"लिवलं हुतं," ते म्हणाले. "तिसऱ्या बॅचला. सोळाच्या सोळा खरं लिवलं हुतं. तुमी पान परत पाठीवलं. त्यावर लाल पेनानं लिवलं हुतं, मर्यादेबाहेर, दुरुस्त करा. मी वर इचारायला आलो तुमच्याकडं. म्हटलं, मॅडम, काय दुरुस्त करू? तुमी फोनवर हुता. तुमी हात असा केला, आन म्हणाला, मामा, नव्वद ते चौऱ्याण्णवमध्ये आणा, गाडी थांबलीये."

मनोऱ्याचा पंखा घरघरत होता.

"मग म्या इचार केला," मामा म्हणाले. "पीठ तर ब्येस झालंय. म्हंजे मशिन काय बिघडल्यालं नाय. मग बिघडलंय काय? पान. पान दुरुस्त केलं. कोरं पान तुमीच दिलं हुतं."

मला ते आठवत नाही असं मी तेव्हा म्हणाले. ते खरं नव्हतं. फोन आठवत होता, दारात उभा असलेला माल भरलेला टेम्पो आठवत होता. मशिनचं तापमान मर्यादेत आणा असं मला म्हणायचं होतं, असं मी पुढे अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं. पण ती बॅच तर पोत्यांत भरून झाली होती. झालेल्या बॅचचं तापमान मागे जाऊन कसं आणणार? त्या दुपारी मला एक स्वच्छ पान हवं होतं आणि ते मिळालं. जुनं पान मी फाडलं. आमच्या नियमात पान फाडायला सक्त मनाई होती. तो नियम मीच लिहिला होता.

"मामा, मी साहेबांशी बोलते," मी म्हणाले.

"बोला," ते म्हणाले. "पर त्यास्नी मूठ म्हणू नका. खवळत्यात."

साडेतीन वाजता मी रेग्यांसमोर बसले आणि सांगितलं, की प्रत्यक्षात तापमान चौऱ्याऐंशी होतं, नोंद ब्याण्णवची होत होती. मामांनी पिठमपूरला खरं तेच सांगितलं, पण तिथे कुणी ऐकलं नाही. त्यामुळे अडथळ्याचा आरोप टिकत नाही. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, काच पुसली आणि पिठमपूरला फोन लावला.

"मी विचार करत होतो," ते फोनवर म्हणाले. "तुमचा मनोरा उंच आहे. दाणा हवेत जास्त वेळ राहतो. बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान चौऱ्याऐंशीवर आणा. हो, चौऱ्याऐंशी. आत्ता लगेच. रात्रीपर्यंत मला नमुना कसा आहे ते कळवा."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. माणूस प्रसन्न दिसत होता.

"कृतीची दुसरी आवृत्ती काढा. 'प्रक्रियेतील सुधारणा' असं शीर्षक द्या. सुधारणा करणाऱ्याचं नाव माझं. आणि झगड्यांचं निलंबन रद्द नाही, फक्त कारण बदला. अडथळा सिद्ध करणं अवघड गेलं असतं. हे सोपं आहे. खोट्या नोंदी, सहाशेच्या वर. आता लेखी पुरावाच मिळाला की."

मामांना वाचवायला मी जे घेऊन गेले होते, ते मी त्यांच्या विरोधात नीट मांडून दिलं होतं. अगदी मुद्देसूद.

"सर, ती पानं मी तपासलेली आहेत," मी म्हणाले.

"तुम्ही कागद तपासता. खाली मशिनवर काय चाललंय हे तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्हाला माहीत नव्हतं. बरोबर?"

त्यांनी फक्त एवढंच विचारलं. मी कधी काही सांगितलं होतं का, कुठलं पान परत पाठवलं होतं का, हे त्यांना विचारायचं सुचलं नाही. किंवा सुचलंही असेल. त्यांच्यापुढे माझ्या सहीची एक्केचाळीस पानं होती आणि गुरुवारी ग्राहक येणार होता.

"बरोबर," मी म्हणाले.

हा शब्द उच्चारायला अर्धा सेकंद लागतो. त्यानंतरचा अर्धा तास मी त्याची भरपाई करण्यात घालवला, आणि त्या वेळी मला तो वेळ सत्कारणी लागल्यासारखा वाटला. मी रेग्यांना पटवलं की तेवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला काढलं तर बाकीचे ऑपरेटर बिथरतील, आणि ग्राहकासमोर ते शोभणार नाही. ते शेवटी म्हणाले, "ठीक आहे. त्याच्याकडून चूक झाली असं त्यानं लिहून दिलं तर ताकीद देऊन सोडू. जाणूनबुजून केलं असेल तर मात्र काढावं लागेल. मग माझाही इलाज नाही."

जबाब मी स्वतः टाईप केला. तो मला अजून शब्दशः पाठ आहे. 'मी, भिकोबा सोपान झगडे, असे लिहून देतो की, मी चुकून कमी तापमानावर यंत्र चालवले व चुकून त्याची नोंद ब्याण्णव अंश अशी केली.' दोनदा 'चुकून' घातलं. एक पुरलं असतं. पण मला पक्कं काम करायची सवय होती. या एका वाक्यात मामांची नोकरी सुरक्षित होती, रेग्यांची सुधारणा सुरक्षित होती आणि मी तर त्या वाक्यात कुठेच नव्हते. चार वर्षांत एवढं चांगलं वाक्य मी लिहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहाला मामांना वर बोलावलं. पिठमपूरचा नमुना रात्रीच चांगला आला होता, त्यामुळे रेगे खुशीत होते. या वेळी त्यांनी मामांना बसायला सांगितलं.

"झगडे, आम्ही तुमचा सहानुभूतीनं विचार केलाय," ते म्हणाले. "टिपणीस मॅडमनी तुमच्यासाठी बरीच रदबदली केली. इथे सही करा आणि कामाला लागा."

मामांनी कागद उचलला. चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून वाचला. एकदा वाचला, परत वाचला. ओठ हलत होते.

"हे चुकून कशाला लिवलंय?"

"मामा, सही करा," मी म्हणाले. "फक्त ताकीद मिळणार आहे. नोकरी राहतेय."

"ते कळलं ओ. पर मशिन म्या चुकून न्हाई चालवलं. एकोणचाळीस येळा चुकून चालंल का कुनाचं? बघून चालवलं."

"झगडे," रेगे म्हणाले, "बघून चालवलंत याचा अर्थ कळतो ना? कृतीचा कागद समोर असताना तुम्ही तो जाणूनबुजून मोडलात, असा होतो. मग ताकीद नाही."

"अर्थ आसंल तो आसू द्या, साहेब. तेवीस वर्सं त्या भट्टीसमोर हाये मी. चुकून लिवून दिलं, तर उद्या भट्टीवर हात कसा ठिवू?"

"तुमची मर्जी. पण मी नंतर काही ऐकणार नाही."

मामांनी टेबलावरचं पेन घेतलं. नोंदीतली दुरुस्ती कशी करायची याचं शिक्षण मीच दर वर्षी ऑपरेटरांना देत असे. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. शेजारी योग्य शब्द, सही आणि तारीख. वर्गात निम्मे लोक पेंगत असत.

त्यांनी पहिल्या 'चुकून'वर एकच आडवी रेघ मारली. वर त्या कित्त्यातल्या अक्षरात लिहिलं, 'बघून'. शेजारी सही केली, तारीख घातली.

त्या रेघेपायी त्यांची नोकरी गेली. तेव्हा ते ठरलेलं नव्हतं; चौकशी, नोटिसा, सगळा सोपस्कार होऊन सहा आठवडे लागले. पण खोलीतल्या आम्हा तिघांनाही ते त्याच क्षणी माहीत होतं.

मग पेन पुढे सरकलं आणि दुसऱ्या 'चुकून'वर येऊन थांबलं.

तो शब्द खोटा होता हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं. मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, तबकडीकडे बघत तसं, काटा कुठे जातोय ते बघायला. मी बोलावं म्हणून ते थांबले होते की नाही, मला सांगता येणार नाही. पुरेसा वेळ थांबले. मी बोलले नाही.

"हे ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हे तुमचं हाये."

"म्हणजे काय?" रेग्यांनी विचारलं.

"टाईप मॅडमनी केलंय ना, साहेब," मामा म्हणाले, आणि शेवटी आपली सही करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

तळाशी साक्षीदाराची जागा होती. मी जबाब पहिल्यापासून वाचला. रेघ एकच होती, खालचा शब्द वाचता येत होता, सही होती, तारीख होती. दुरुस्ती नियमाप्रमाणे होती. मी 'तपासले' असं लिहून सही केली.